सत्त्याऐंशीत एक

कोथरूडच्या मागच्या खोलीत शिवणयंत्र होतं,
तिथे आता शिंदवण्याचा घाट आहे.
डोंगर थर्माकोलचा, वरून प्लॅस्टर,
माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा,
रुळांखालची खडी : रांगोळी, दोनदा चाळलेली.
स्लीपर उदबत्तीच्या काड्यांचे. वास अजून गेलेला नाही,
म्हणून आंबळ्याजवळ गाडी वळली की
घरात कुणीतरी नुकतीच पूजा आटोपल्यासारखं वाटतं.

एकतीस वर्षं पिंपरीच्या कारखान्यात ड्रॉइंग काढली.
दशांश चुकला की पोटात दुखतं, अजूनही.
म्हणून मीटरगेज बारा मिलिमीटर,
म्हणून डब्याचं दार, दाराची कडी,
कडीतला खिळासुद्धा सत्त्याऐंशीत एक.
डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, बाई, आता पुरे.

रंग मात्र मापात सापडेना.
बासष्ट सालचा तिसऱ्या वर्गाचा डबा, पुणे–मिरज.
तांबडा? विटकरी?
बुधवारी जुन्या बाजारात एक फोटो मिळाला वीस रुपयांना :
पुढे लग्नाचं वऱ्हाड, मागे तोच डबा,
आणि फोटो काळापांढरा.
एका निवृत्त गार्डांनी छातीठोक सांगितलं, चॉकलेटी.
दुसऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं.
तेव्हापासून दोघे संभाजी बागेत
वेगवेगळ्या बाकांवर बसतात.

शेवटी घोरपडी गावात मार्थाबाई अमोलिक.
नव्वदीला टेकलेल्या. नवरा स्तेफन, कॅरेज डेपोत रंगारी.
"रंग होय? तो त्याच्या नखांत असायचा.
देवळात जाताना हात खिशात."
मग कॉटखालून ट्रंक ओढायला लावली मला.
बाहेरून निळी, निळ्याखाली हिरवी,
पण झाकणाच्या आत, उन्हाने कधीच न पाहिलेला,
करवंद दाताखाली फुटल्यावर जिभेवर उरतो तो.
"डब्यातला उरलेला," म्हणाल्या,
"रंगाच्या डब्यातला म्हण, नाहीतर गाडीच्या."

मी पिशवीतून नमुन्यांच्या पट्ट्या काढल्या, एकशे चाळीस छटा.
एकही जुळेना.
त्या स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन आल्या
आणि कोपऱ्यातून खरवडलं, नखाएवढं.
"इथून घे. तिथून नको."
तिथे पिवळ्या अक्षरांत, डब्याच्या नंबरांच्या वळणाची
त्यांच्या लग्नाची तारीख होती.

माझ्या वहीत प्रत्येक गोष्टीला आधार आहे :
वेळापत्रक, पान; ड्रॉइंग, तारीख; कोण म्हणालं, केव्हा.
त्या डब्यावर मी जो नंबर घातला
त्याच्यापुढची ओळ कोरी आहे.

दिवाळीनंतर त्या आल्या. रिक्षाने, नातवाचा हात धरून.
स्टुलावर बसून पूर्ण दोन फेऱ्या पाहिल्या.
नंबर दिसला की नाही कळलं नाही, मोतीबिंदू आहे.
"रंग तोच," म्हणाल्या. मग, "हळद कुठंय?
सोमवतीला जेजुरीहून डबे आले की
कितीही धुतले तरी खिडक्यांच्या फटीत राहायची.
शिव्या घालायचा तो भंडाऱ्याला, आणि कपाळाला लावायचाही."
मी मिसळणाचा डबा आणला.
चिमटीत हळद घेतली आणि थांबले :
सत्त्याऐंशीत एक चिमूट म्हणजे किती?
त्यांनीच सुईच्या टोकाने लावली.
हात थरथरत होता, एका खिडकीला जास्त लागली.
तशीच ठेवली आहे.

निघताना चपला घालत म्हणाल्या,
"बाकी ठीक आहे गं, पण ही गाडी
फार वेळेवर धावते."

आता वाल्ह्याला मी ती अकरा मिनिटं थांबवते.
सिग्नल पडलेला, समोर काहीच नाही, इंजिन गप्प.
कारण विचारू नका.
तेव्हाही कुणी सांगत नसे.